घरात भरणारी ख्रिस्ती मंडळी १५ जणांची झाली की तिच्या दोन कराव्यात की नको?

खाडीकाठची :

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस डोक्यात आहे ते लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही बाणकोट खाडीच्या काठी राहतो. आमचं चर्च तालुक्याच्या गावी, सकाळची एसटी चुकली की उपासना संपतानाच पोचायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लॉकडाऊन चालूच होता, वरून कौलं गेली, झाडं पडली, कित्येक आठवडे लाइट नाही. आमच्या पडवीचं छप्पर तेवढं शाबूत होतं. तिथं शेजारच्या रिटायर नर्स मावशी, आंब्याच्या बागेत राखणीला असलेलं जोडपं, एक कंडक्टर भाऊ आणि आम्ही घरचे तिघं असे दर गुरुवारी कंदील लावून बसायला लागलो. एक स्तोत्र वाचायचं, ज्याला जे सुचेल ते बोलायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची आणि चहा. एवढंच. पाळक (चर्चचे धर्मगुरू) नाही, माईक नाही, अर्पणाची पेटी नाही.

तीन वर्षात आम्ही १७ झालो. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली जी मी अजून विसरले नाहीये. बागेतली वहिनी सात जणांत असताना अडखळत का होईना, बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. सतरा जण झाल्यावर ती मागं सरकत सरकत चुलीपाशी जाऊन बसायला लागली. चहा करते म्हणायची. बोलणारे आम्ही चारच जण उरलो, बाकीचे ऐकणारे. म्हणजे आमच्याही नकळत पडवीत चर्चचे बाक लागले होते.

मग आम्ही दोन गट केले. वहिनी, तिचा नवरा आणि अजून दोन घरं तिच्या खोपीत बसायला लागली. आता तिथं तीच वाचन घेते. मागच्या महिन्यात मी गेले तर बायबलातल्या रूथचं वाचन चालू होतं, सासूच्या मागं परक्या मुलखात निघालेली सून, आणि ती वाचता वाचता थांबून म्हणाली, मी पण अशीच घाट उतरून आलेय. ह्यावर प्रवचनात कोण काय जास्त सांगणार?

बायबलात प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय की एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाकडे काहीतरी असतं, कोणाकडे स्तोत्र, कोणाकडे शिकवण. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारं जोडपं बघा, इफिस शहरात त्यांच्या घरात मंडळी, रोमात गेले तर तिथंही त्यांच्या घरात मंडळी. हॉल कुणी बांधला नव्हता. म्हणून माझं म्हणणं आहे की १५ झाले की दोन करायचे, दोनाचे चार होऊ द्यायचे. तुम्हाला काय वाटतं?

जुना वडील, रत्नागिरी :

ताई, तुमची कळकळ पोचली. पण मी चाळीस वर्षं मंडळीच्या पंचांत आहे, मला जे दिसतं ते सांगतो.

तुमच्याच खाडीच्या तोंडाशी १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनचा डोनाल्ड मिचेल आला, त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी बाणकोट, हर्णैला शाळा काढल्या आणि मग काही वर्षांत मिशनचा मुक्काम मुंबई-पुण्याला हलला. इथल्या माणसाला धरून ठेवणारं काही उरलं नाही. रत्नागिरीला अमेरिकन प्रेस्बिटेरियन १८७३ ला आले आणि थांबले, म्हणून तर आज रजिस्टर आहे, कब्रस्तान आहे, माझ्या पणज्याच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे. भिंती म्हणजे विश्वास नाही हे मलाही कळतं, पण विश्वासाला पत्ता लागतो.

आता व्यवहाराचं बोलू. वहिनीच्या मुलीचं लग्न कोण लावणार? १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, कोणीही उठून लग्न लावू शकत नाही, दीक्षा मिळालेला पाळक लागतो नाहीतर लायसन्सवाला नाहीतर मॅरेज रजिस्ट्रार. कोणी वारलं तर माती कुठं देणार? ऐन पावसात, रात्री, प्रेत घरात असताना मला फोन आलेत अशा गटांचे, ज्यांना पाच वर्षं मंडळीची आठवण नव्हती.

आणि प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी? ते कशानं करता तेही लिहा.

खाडीकाठची :

काका, लपवत नाही. तांदळाची भाकरी मोडतो आणि कोकमाचं सरबत घेतो. इथं पावसाळ्यात द्राक्षं मिळत नाहीत. पहिल्यांदा चुकून आगळ घेतलं होतं, ते खारट, नर्स मावशींनी तिथंच थांबवलं आणि घरून अमृतकोकम आणलं. स्टीलचा एकच पेला फिरतो. मावशी प्रत्येकानंतर कड पुसतात. मला त्यात काही कमी वाटत नाही.

लग्नाचं आणि मातीचं तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही कोणी मंडळीतून नाव काढलेलं नाही, वर्गणी पण देतो.

वसईची लेक :

मी कॅथलिक, त्यामुळे मूळ मुद्द्यावरच असहमत. आमच्याकडे पण वाडीवाडीत लहान समूह आहेत, घरोघर बायबल वाचतात, मे महिन्यात गावातल्या क्रुसापाशी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, पण हे सगळं धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या आत. मिस्सा (भाकर-द्राक्षरसाची मुख्य उपासना) फादरच करणार. समूहाचं काम शेजाऱ्याला आजारपणात डबा पोचवणं, भांडण मिटवणं हे आहे, स्वतःचं वेगळं चर्च होणं नाही. ताई, तुमच्या वहिनीला बोलता आलं ह्याचा खरंच आनंद झाला पण भाकरी आणि सरबत घेऊन ते संस्कार म्हणणं मला दुखतं, स्पष्ट लिहिते.

अजून एक. घरातल्या मंडळीचा सगळ्यात जुना सापडलेला पुरावा म्हणजे सिरियातलं ड्युरा-युरोपस, तिसऱ्या शतकातलं. ते घरच होतं, पण त्या लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली आणि बाप्तिस्म्यासाठी एक वेगळी खोली तयार केली. म्हणजे माणसं वाढली तेव्हा त्यांनी मोठी जागा केली, फूट पाडली नाही.

मालवणी माणूस :

माका खाडीकाठच्या ताईचा पटला. आमच्या वाडीत लादीन (गाऊन करूची प्रार्थना) असली की अख्खी वाडी येता, हिंदू शेजारी पण, आणि पेज-चणे खाऊन जाता. घरातली प्रार्थना कोकणात नवी गोष्ट न्हय.

आणि कवी ना. वा. टिळकांना विसरू नका. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, बावीस वर्षं मिशनसोबत काढली आणि १९१७ ला मिशनच्या पगारातून बाहेर पडून देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले-न झालेले दोघांनाही जागा. आपल्या मातीतलं रूप हवं ही तळमळ शंभर वर्षांपूर्वीची आहे.

जुना वडील, रत्नागिरी :

टिळकांचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा. १९१९ ला ते गेले आणि त्यांच्यामागं दरबार वाढला नाही. एका माणसावर उभं राहिलं की असं होतं. चीनमधल्या घर-मंडळ्यांचं उदाहरण सगळे देतात, वाढल्या खऱ्या, छळातून वाढल्या, मी त्यांच्यासमोर मान खाली घालतो. पण त्याच भागात शिकलेले पाळक नसल्यानं ईस्टर्न लाइटनिंगसारखा पंथ घुसला, एका चिनी बाईच्या रूपानं ख्रिस्त परत आला म्हणणारा, आणि त्यानं ह्याच घर-मंडळ्यांतली माणसं ओढली. तुमच्या चौथ्या गटात कोण काय शिकवतोय हे तुम्हाला कसं कळणार?

दापोलीकर :

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. गावात दर आठवड्याला बंद दाराआड माणसं जमायला लागली की लोक बोलतात. चर्चवर बोर्ड असतो, वेळ असते, घराचं काय? आणि दोनाचे चार, चाराचे आठ ही भाषा मला चेन मार्केटिंगसारखी वाटली. राग मानू नका.

खाडीकाठची :

दादा, राग नाही. पडवीला दार नाहीच आमच्या, रस्त्यावरून सगळं दिसतं आणि ऐकू येतं. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना पहिल्याच वर्षी सांगितलंय. गणपतीत गुरुवार आला की आम्ही शेजारच्या आरतीची वेळ टाळून बसतो. कोणाला बोलवायला दारोदार जात नाही, आमच्यातले सगळे आधीचेच ख्रिस्ती किंवा त्यांच्या घरचे. पण भाषेबद्दल तुम्ही म्हणालात ते लागलं.

पाच जणांतली एक :

मी कधी लिहीत नाही. मी चिपळूणजवळ अशाच एका गटात होते. तिथं नियमच होता, बारा झाले की फोडायचं. दोन वर्षात आम्हाला तीनदा फोडलं. बाहेरून एक भाऊ यायचे, दर महिन्याला वहीत लिहून न्यायचे, किती गट, किती नवीन माणसं. माझ्या आईला कॅन्सर निघाला तेव्हा ज्यांच्या खांद्यावर मी रडले असते त्या दोघी दुसऱ्या गटात होत्या आणि माझ्या गटात सगळे मिळून पाच, त्यातले तीन मला नीट ओळखतही नव्हते. भाऊ त्या महिन्यात पण आले. गट का वाढला नाही विचारलं. आईचं नाव पण त्यांना माहीत नव्हतं. आई गेली आणि आमचा गट पण बंद पडला, मी आता कुठंच जात नाही.

ताई, तुमच्या वहिनीचं वाचून बरं वाटलं. पण आकडा ठरवू नका.

खाडीकाठची :

तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. १५ चा आकडा मी मागं घेते. खरं सांगायचं तर आमच्या वेळी पण आकड्यामुळं नाही झालं, वहिनीच्या घरी जायला दोन घरं आपणहून तयार होती आणि ती एकमेकांची आधीपासूनची माणसं होती. मीच मागाहून त्याचा नियम करून टाकला. पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला म्हणतो, माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपव, जी दुसऱ्यांनाही शिकवतील. तिथं माणूस तयार होण्याची अट आहे, डोकी मोजायची नाही. आता महिन्याचा शेवटचा गुरुवार आम्ही दोन्ही गट एकत्रच बसतो, तो कधीच सोडणार नाही. तुम्ही चिपळूणहून एकदा या. वाचायला नको, बोलायला नको, नुसतं बसायला या. मावशींनी तुमच्या आईचं नाव विचारलंय, प्रार्थनेत घेण्यासाठी.

काका, वहिनीच्या मुलीचं लग्न मे महिन्यात खरंच ठरतंय. तुम्ही आणि पाळकसाहेब एका गुरुवारी आमच्याकडे याल का? काय शिकवतो ते तुम्हीच कानानं ऐका.

पाच जणांतली एक :

आईचं नाव शांताबाई.

जुना वडील, रत्नागिरी :

येतो. पाळकसाहेबांशी बोललो, शेवटच्या गुरुवारी जमेल, परतीची एसटी किती वाजता ते कळवा. लग्नाच्या नोटिशीचं त्याच दिवशी करून टाकू, मुलीचा आणि मुलाचा जन्मदाखला काढून ठेवायला सांगा. गट फोडण्याला माझा विरोध आहे तो आहेच, तो समोर बसून बोलेन. भाकरी असू दे, द्राक्षरसाची बाटली मी इथून घेऊन येतो.