आजोबांचं रिव्हॉल्व्हर: नेमकं कोणतं आणि सुटे भाग कुठे?

चरईकर:
मधोमध मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, नळी सहा इंच. फ्रेमवर रोमन ‘सहा’ आणि १९१७. मुठीची डावी फळी तडकलीय, नळी मिटलेली धरून ठेवणारा खटका ढिला पडून लोंबतो. आजोबा गेले, परवाना त्यांच्याच नावावर आहे. शंभर वर्षं झाली म्हणजे ॲन्टिक, परवाना लागत नाही, असं कुणी म्हणतं. खरं का? भाग ठाणे शहरात मिळतील?

खाडीकाठ:
वेब्ली मार्क ६ दिसतंय, ब्रिटिश सैन्यात १९१५पासूनचं, बोअर (नळीच्या भोकाचं माप, इंचात) .४५५. सिलिंडर म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता भाग, त्याच्या भोकाचं मागचं तोंड व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा. १२ मिमीच्या आसपास आलं तर हेच. ९.८ आलं तर .३८, म्हणजे १९३२चं एनफिल्ड नंबर २ किंवा वेब्ली मार्क ४. पण एनफिल्डची नळी पाच इंच असते. मोजण्याआधी उघडून सहाही भोकं रिकामी आहेत ना, ते डोळ्यांनी पाहा. फोटो टाकलात तर सिरियल नंबर झाका.

खटक्याची स्प्रिंग फ्रेमच्या उजव्या अंगाला बाहेरच असते, इंग्रजी व्हीच्या आकाराची चपटी पट्टी. ती वाकणावरच तुटते, कारण गंजाचा खड्डा तिथेच पडतो. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग ‘दिसायला सारखी’ म्हणून कुणी गळ्यात मारेल. घेऊ नका, ती फ्रेमच लहान असते.

बेलापूर_दोन:
भाग नंतर, आधी कागद. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५मधली सवलत जुन्या शस्त्राला आहे खरी, पण जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. तुमचं एका स्प्रिंगने चालू होईल, म्हणजे सवलत नाही. परवानाधारक गेल्यावर कलम २१प्रमाणे विनाकारण उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. मग वारस म्हणून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज. ठाण्याचं आयुक्तालय वेगळं, नवी मुंबईचं सीबीडी बेलापूरला. हद्द तुमच्या पत्त्याची. बोअर प्रतिबंधित वर्गात येतो का, हे तिथेच लेखी विचारा.

दुरुस्तीलाही कलम ५खाली परवाना असलेलाच कारागीर हवा. परदेशातून स्प्रिंग कुरिअरने मागवायच्या भानगडीत पडू नका, आयातीला वेगळा परवाना लागतो.

खाडीकाठ:
बरोबर. तोवर त्याला कमीत कमी हात लावा. चामड्याच्या म्यानातून बाहेर काढूनच जमा करा, आपल्या दमट हवेत चामडं ओल धरतं आणि पोलादाला खड्डे पडतात. सँडपेपर अजिबात नको, खुणा पुसल्या की ओळखही गेली आणि किंमतही. मुठीची फळी व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची. गरम पाण्याने धुतली की हिरवट तपकिरी होते. मधला स्क्रू जास्त आवळला की तडा तिथूनच जातो. फळीच्या आतल्या बाजूला नंबर कोरलाय का पाहा. असेल तर ती मूळची, बदलण्यापेक्षा चिकटवून घ्या.

चरईकर:
तोंड १२.२ आलं. फळीच्या आत ३७१ कोरलंय. उद्या जमा करतो.