रोजड्यांसाठी हेलिकॉप्टर नको, वनखात्याच्या रेंजला चालती जीप आणि नेम असलेला माणूस द्या

सांवेरचा शेतकरी

हरभरा घाट्यात आला की इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर, देपालपूर भागातल्या शेतकऱ्याची झोप संपते. रोजडे म्हणजे नीलगाई रात्री उतरतात, खातात त्याहून जास्त तुडवतात. बटाटा, लसूण, गहू, पावसाळ्यात सोयाबीनचे कोवळे शेंडे, काही सुटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. रोजड्यांची संख्या कमी करायला हवी, ती मारल्याशिवाय कमी होणार नाही, आणि हे काम गावातल्याच परवानाधारक, नेम पारखून घेतलेल्या माणसांकडून वनखात्याच्या देखरेखीखाली व्हायला हवं. काळविटाचं मी बोलत नाही. तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, सर्वांत जास्त संरक्षण असलेला प्राणी, त्याला कुणी हात लावू नये.

आमचं घर शिकाऱ्यांचं. वडील परमिटवर शिकार करायचे, 1972 चा कायदा आला तसं ते बंद झालं आणि ते योग्यच झालं. माझी बारा बोअर बंदूक पीकराखणीच्या परवान्यावर आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा होते, एरवी हवेत बार काढण्यापुरती. रोजडे आता त्या आवाजाला कान टवकारतात आणि पुन्हा खायला लागतात.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्या शाजापूर जिल्ह्यात सरकारने दक्षिण आफ्रिकेतले तज्ज्ञ आणि हेलिकॉप्टर आणून मोठी मोहीम केली. दोन्ही बाजूंना कापडी भिंती, आत निमुळती होत ट्रकपाशी संपणारी वाट, तिला बोमा म्हणतात. वरून हेलिकॉप्टरने कळप त्यात हाकायचा. भुलीचं इंजेक्शन न देता 846 काळवीट आणि 67 रोजडे धरले आणि गांधीसागर, कूनो, नौरादेही या जंगलांत नेऊन सोडले. काळविटासाठी हे फार चांगलं काम झालं, मनापासून सांगतो. पण एवढ्या तयारीनंतर रोजडे सदुसष्ट. रोजड्याची मादी आठ महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळं देते. हा हिशेब कुठे जुळतो?

कायद्यात वाट आहे. वन्यजीव कायद्याचं कलम 11 सांगतं की अनुसूची दोनमधला प्राणी उभ्या पिकाला धोका झाला असेल तर अधिकारी लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. रोजडा त्यातच येतो. परवानगी मिळाली तरी अडतं पुढे, कारण रेंजचा माणूस शेतापर्यंत येणार कशात? आपली काळी माती पाऊस पडला की चाकाला चढते, मडगार्डमध्ये भरते, आणि टू व्हील ड्राइव्ह गाडी जागच्या जागी फिरत राहते. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्या भंगारात काढायचा नियम लागू झाला. म्हणजे चिखलातून निघणाऱ्या जुन्या जिप्सी आणि जीप आधी गेल्या. माझ्याकडे महिंद्राची जुनी एम.एम. 540 जीप आहे, प्यूजोचं डिझेल इंजिन, यांत्रिक पंप, सेन्सर नाही. गावातला मिस्त्री बांधावर बसून ती दुरुस्त करतो. घरात नवीन गाडीही घेतली, नाव घेत नाही. शेतात नेली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी दम सोडते आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढत आणावी लागते. रात्री दोन वाजता पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी नसेल तर बंदोबस्त कागदावरच राहणार.

माळवा निसर्ग

काका, नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही जी तीन साधनं मागताय, भरवशाची जीप, रात्र आणि बंदूक, त्यांनीच आपला मुलूख रिकामा केला होता. महायुद्धानंतर सैन्याच्या जीप बाजारात आल्या, 1947 पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्याआधी काळविटाच्या मागे घोड्यावर नाहीतर बैलगाडीने जावं लागे आणि उघड्या माळावर जनावर वाचायचं. जीप आणि सर्चलाइट आल्यावर ते पळून जाणार कुठे? आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी 1947 मध्ये मारलेले तीन चित्ते देशातले शेवटचे मानले जातात, आणि तेसुद्धा रात्री गाडीतून जाताना दिसले म्हणून मारले गेले. 1952 मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आज त्याच चित्त्याला खाद्य हवं म्हणून आपण शाजापूरचे काळवीट कूनोला नेतोय.

दुसरं, मारून संख्या कमी होते हे इतकं सोपं नाही. शिकाऱ्याची नजर मोठ्या निळ्या नरावर जाते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, चार नर मारले तरी पुढच्या वर्षी पिल्लं तेवढीच. 2016 मध्ये बिहारमध्ये मोकामाला दोनशेहून अधिक नीलगाई बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी मारल्या, केंद्रातले दोन मंत्री एकमेकांविरुद्ध जाहीर बोलले. आधी किती होत्या आणि नंतर किती राहिल्या, हे तुम्ही ज्या मोहिमेची मागणी करताय तिच्यात कोण मोजणार? इंदूरजवळची राळामंडळची टेकडी बघा. होळकरांची शिकारकोठी होती, 1989 मध्ये अभयारण्य झालं. हा प्रवास उलटा फिरवू नका.

खुडैलची वहिनी

मी शेतकरी आहे आणि सांवेरच्या दादांच्या बाजूने नाही. आमचं शेत पाच बिघे. ज्यांच्याकडे पन्नास बिघे आहेत त्यांनी तारेचं कुंपण केलं, आणि त्यांच्याकडचे रोजडे आमच्याकडे वळले. आम्ही बांधाला जुन्या साड्या बांधतो. पहिले काही दिवस जनावर बिचकतं, मग साडी चावून बघतं.

बंदुकीआधी एक विचारते, रोजडे शेतात का आले? गावाची चरनोई, म्हणजे गायरान, होती तिथे आता प्लॉट पडलेत, बायपासच्या दोन्ही अंगांना कॉलन्या आहेत. नाल्याकाठचं झुडूप, पळसाचं रान, सगळं साफ केलं. दिवसा बसायला जागा नाही म्हणून ते उसात आणि तुरीत बसतात. सदुसष्ट नेले काय आणि दोनशे मारले काय, जागा नसेल तर उरलेले माझ्याच शेतात येणार.

आणि भरपाई. जनावर वनखात्याचं, पण पंचनामा पटवारी करणार, कारण पैसा आर.बी.सी. 6-4 या महसुली नियमाखाली महसूल खातं देतं. पटवारी येईपर्यंत गव्हाला नवे फुटवे येतात आणि नुकसान दिसेनासं होतं. पीकविम्यात खरीप 2026 पासून रानटी जनावरांचं नुकसान धरायचं केंद्राने जाहीर केलंय, त्यात 72 तासांत फोटोसकट कळवायचं आहे. ते नीट चाललं तर मला बंदूक नको. माझ्या सासूबाई रोजड्याला मारू देणार नाहीत, गावातल्या निम्म्या घरांत हेच आहे. गावाच्या मनाविरुद्ध गावात गोळी चालवून कसं चालेल?

लोहामंडीचा मिस्त्री

हरणांचं मला कळत नाही, गाडीचं बोलतो. काका, जुनी जीप चांगली यात शंका नाही, पण अर्धंच सांगितलंत. पॉवर ब्रेक नाही, बेल्ट नाही, रात्री खंडवा रोडवर समोर दोन क्विंटलचा रोजडा आला तर त्या जीपमध्ये बसलेला माणूस वाचणं कठीण. रेंजच्या पोरांना त्यात बसवणार का?

नवीन डिझेल गाडी शेतात का बसते ते सांगतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 प्रदूषण-नियमाच्या डिझेल गाडीला सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. तो स्वतः जळून साफ होतो, पण त्यासाठी इंजिन काही वेळ सलग तापलेलं चालायला हवं. घर ते शेत तीन किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पोचलं की बंद. असं रोज केलं की फिल्टर भरणारच, मग दिवा लागणार आणि गाडी ताकद कमी करणार. आठवड्यातून एकदा बायपासवर अर्धा तास चांगली पळवा, बऱ्याच गाड्यांची तक्रार तिथेच संपते. वायरिंग उंदरांनी खाल्लं असेल तर मात्र वेगळं. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी संस्थेचा 11.3 किलोमीटरचा गोल ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, तिथे गाडीचा वेग तपासतात. आपल्या काळ्या मातीत दहा दिवस पहिल्या गिअरमध्ये चालवून बघणारं कुणी हवं, हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर.

खात्याने घ्यायचीच तर पेट्रोल फोर व्हील ड्राइव्ह घ्यावी. काजळीच्या फिल्टरची कटकट राहत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनहून, मूळ नारायण बाग, इंदूर

इथली पद्धत सांगतो, उपयोगी वाटली तर घ्या. इथे शेपटीखाली पांढरं असलेली हरणं शेतात आणि रस्त्यावर येतात, हायवेवर गाडीला धडकणं रोजचं. नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. लायसन्ससोबत टॅग मिळतो, एका टॅगवर एकच जनावर. आणि ‘निसर्ग’ म्हणतात ती नर-मादीची अडचण इथे याच टॅगने सोडवलीय: जिथे हरणं जास्त तिथे बिनशिंगांच्या जनावरांचे, म्हणजे मुख्यतः माद्यांचे, टॅग वाढवतात, जिथे कमी तिथे बंद करतात. मारलेलं प्रत्येक हरीण नोंदवावं लागतं. रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, घरी न्या किंवा गरजूंना द्या. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे आणि 1937 च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो.

तरी सगळं आलबेल आहे असं समजू नका. 2002 पासून इथे हरणांना मेंदू पोखरणारा रोग आहे, शिकार वाढवूनही तो आटोक्यात आला नाही. आणखी एक. टेक्सासमध्ये 1930 च्या आसपास एका मोठ्या रँचवर आपल्या नीलगाई नेऊन सोडल्या. तिथे त्यांची शिकार खुली आहे, तरी आज त्या हजारोंनी आहेत आणि गुरांना ताप आणणारी गोचीड त्यांच्या अंगावरून पसरते. म्हणजे बंदुकीने रोजडे संपतील ही भीतीही नको आणि बंदुकीने प्रश्न मिटेल ही आशाही नको.

सांवेरचा शेतकरी

सगळ्यांचं वाचलं. ‘निसर्ग’, जीप आणि सर्चलाइटचा इतिहास आमच्याच घरातला आहे, मला तो माहीत आहे. म्हणून माझी अट आधीपासून अशी: गाडीतून गोळी नाही, रात्री गोळी नाही, दिव्यावर गोळी नाही. गाडी हवी ती रात्री पाहणीला, जखमी जनावराचा माग काढायला आणि मेलेलं उचलायला. गोळी सकाळच्या उजेडात, पायी, रेंजरच्या समोर. बारा बोअरने हे काम करूच नये, छर्रा लागून जनावर पळतं आणि तीन दिवसांनी नाल्यात मरतं. रायफल आणि नेमाची परीक्षा हवी. मांसाचा तर प्रश्नच नाही. कलम 39 प्रमाणे अशा परवानगीने मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता होतं, गावातल्या कुणाच्या ताटात जात नाही. माद्यांच्या टॅगची गोष्ट मला पटली. ती आपल्याकडे कुणी बोलत नाही, कारण पिल्लू पाठीशी असलेल्या मादीवर बंदूक रोखायला माणूस धजत नाही. पण संख्या तिथूनच कमी होते, आणि हंगाम असा ठरवता येईल की पिल्लं हिंडती झालेली असतील.

वहिनी, गावाच्या मनाविरुद्ध एकही गोळी नको, ग्रामसभेचा ठराव आधी. पण तुमच्या सासूबाईंना एक सांगा. कायदेशीर वाट बंद ठेवली की लोक शेताच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. सोलर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो, जनावर मागे सरतं. लाइनच्या करंटने रोजडा मरतो, बिबट्या मरतो आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. ही हत्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. मला परवानगीची बंदूक हवी ती त्या तारेच्या जागी.

मिस्त्री, पेट्रोल फोर व्हीलचं मान्य. ब्रेकचंही मान्य. मात्र रेंजच्या गाडीचे सुटे भाग इंदूरच्या सियागंज बाजारात मिळाले पाहिजेत, पंधरा दिवस गाडी कंपनीच्या वर्कशॉपात उभी चालणार नाही.

माळवा निसर्ग

दिवसा, पायी, रेंजरसमोर, मोजून. या अटी लेखी असतील तर माझा विरोध अर्धा उरतो. उरलेला अर्धा मोजणीवर आहे. आधी दोन हिवाळे सलग गणना करा, आणि ती करणारे तुम्हीही नको आणि रेंजही नको. रोजडे एकाच जागी लेंड्या टाकतात, त्या जागांवरून अंदाज बांधता येतो, कॉलेजच्या मुलांनाही हे शिकवता येईल. तोवर एकही आदेश निघू नये.

खुडैलची वहिनी

दोन हिवाळे म्हणजे माझे दोन हरभरे गेले. गणना करा, पण त्या दोन वर्षांचं सोलर कुंपण पाच बिघ्यांच्या आतल्या सगळ्यांना एकत्र, गावाच्या बाहेरच्या कडेने करून द्या. एकट्याच्या शेताला केलं की जनावर शेजाऱ्याकडे जातं, हे आम्ही भोगलंय. आणि ग्रामसभेत मारायच्या ठरावावर मी हात वर करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. चरनोईवरचे प्लॉट काढायचा ठराव आणा, पहिला हात माझा.