मदत हवी आहे: पायातल्या बायपासचा रक्तप्रवाह घरबसल्या कळेल असं उपकरण आत बसवता येतं का?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या डाव्या पायात त्यांचीच शीर वापरून बायपास झालाय. दर तीन महिन्यांनी डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघणारी) तपासणी असते. मागचा रिपोर्ट 'ठीक' होता, आणि पाचव्या आठवड्यात पाय गार पडला. ग्राफ्ट, म्हणजे बायपासची शीर, बंद! रातोरात उघडला म्हणून पाय वाचला. तेव्हापासून बाबा रोज सकाळी पावलावर बॉलपेनानं केलेल्या फुलीवर बोट ठेवून बसतात. बऱ्याचदा स्वतःच्या बोटाचेच ठोके लागतात, मग मला हाक.

शोधाशोध केली. कार्डिओमेम्सला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. फुफ्फुसाच्या धमनीत बसणारा सेन्सर, बॅटरी नाही. खास उशीवर पडलं की उशीतला अँटेना त्याला ऊर्जा देतो आणि रीडिंग घेतो. वाचून हुरळलो, पण तो दाब मोजतो, प्रवाह नाही, आणि आहे हार्ट फेल्युअरवाल्यांसाठी. कुक-स्वार्ट्झ प्रोब शिरेभोवती गुंडाळतात, त्यात प्रवाह खरोखर ऐकू येतो. मात्र तार कातडीबाहेर येते आणि काही दिवसांत काढून टाकतात. स्टॅनफर्डच्या मंडळींनी २०१९ मध्ये धमनीभोवती बसणारा, बिनबॅटरीचा, शरीरात विरघळणारा सेन्सर दाखवला, तोही उंदरांत.

म्हणजे माणसांत वायरलेस आहे तिथे प्रवाह नाही, प्रवाह आहे तिथे तार. माणसांसाठी, वर्षानुवर्षं टिकणारं काही कुणाच्या पाहण्यात आहे का? नसेल, तर निदान दाबाचा सेन्सर पायात चालेल का?

प्रतिसाद: दाबाच्या भरवशावर राहू नका. अडथळा सेन्सरच्या पुढे असला तर दाब छान दिसतो आणि रक्त मात्र जागच्या जागी थांबलेलं असतं. पायाच्या ग्राफ्टसाठी रोजच्या वापरातलं असं उपकरण मी तरी पाहिलेलं नाही. खिशातला डॉप्लर घ्या, जागा सर्जनकडून खुणावून घ्या. आवाज गेला किंवा पाय गार पडला तर फोनाफोनी न करता थेट इमर्जन्सी गाठा. आणि रिपोर्टमधला 'ठीक' सोडा, आकडा बघा. ग्राफ्टमधला वेग सेकंदाला ४५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा एखाद्या जागी ३०० च्या वर असेल तर सर्जनला विचारायलाच हवं. केंद्रागणिक उंबरठे थोडे बदलतात.

धागाकर्ता: आत्ताच फाइल काढली. त्या 'ठीक' रिपोर्टात, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात: ४१.