मदत हवी आहे: 'ट्वेल्फ्थ नाइट'चा कपडेपट (जुळी भावंडं, रफ आणि पिवळे मोजे)

नमस्कार. सांगलीत आमचा हौशी नाट्यगट आहे. यंदा शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' मराठीत करतोय. प्रयोग ऑगस्टमध्ये आहे आणि कपडेपट माझ्याकडे आहे. पात्रं १२, कपड्यांना मिळालेत ३५ हजार रुपये. शिवायला मी, माझ्या जाऊबाई आणि आमच्या गल्लीतले टेलरकाका.

आधी कपडे भाड्याने मागवले होते. 'इंग्लिश राजा' म्हणून जे गाठोडं आलं त्यात जरीचे अंगरखे निघाले, वर कोयऱ्यांची वेलबुट्टी. कोयरी दिसली की आपल्याकडच्या प्रेक्षकाला लग्नातली शेरवानीच आठवणार. ते परत पाठवलं आणि सगळं घरीच शिवायचं ठरवलं.

काळ धरलाय १६०० च्या आसपासचा, राणी एलिझाबेथची शेवटची वर्षं. नाटक इलिरिया नावाच्या दूरच्या समुद्रकाठच्या देशात घडतं, पण तेव्हाचे नट स्वतःच्याच काळातले कपडे घालून उभे राहत. लंडनच्या मिडल टेंपल हॉलमध्ये २ फेब्रुवारी १६०२ ला हे नाटक झालं, तशी नोंद जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या रोजनिशीत आहे. गंमत म्हणजे त्याने ऑलिव्हियाला (नाटकातली श्रीमंत घरची मालकीण) विधवा म्हटलंय. नाटकात ती भावाचं सुतक पाळत असते. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांत राहिला तो तिचा काळा पोशाख. हे वाचल्यापासून मी ऑलिव्हियाच्या काळ्या झग्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवतेय.

झालेलं काम असं. आत घालायला मांजरपाटाचे सैल सदरे, प्रत्येकाला दोन. त्या काळीही धुतला जाई तो आतला कपडा, वरच्या मखमलीला पाणी लागत नसे. आपल्याकडच्या घामाला ही पद्धत फार उपयोगी पडतेय. वरच्या कपड्यांसाठी सोफ्याचं कापड आणलं, कारण त्यावर डाळिंबाची मोठी नक्षी मिळाली आणि ती पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटालियन मखमलीवर असायची. ऑलिव्हियाच्या घागऱ्याखालचा घेर (फार्दिंगेल) वेताच्या कड्यांवर उभा केलाय. चोळीत देवमाशाच्या तोंडातल्या ताठ पट्ट्यांऐवजी (व्हेलबोन) जाड केबल टाय घातले, छान ताठ राहतात.

आता अडलंय ते तीन ठिकाणी.

व्हायोला (जहाज फुटल्यावर पुरुषवेष घेतलेली नायिका) आणि तिचा भाऊ सेबॅस्टियन जुळी दिसायला हवीत. व्हायोला स्वतःच सांगते की मी भावासारखाच रंग, तशीच घडण, तेच दागिने घालते. पण आमची व्हायोला ५ फूट १ इंच आणि सेबॅस्टियन ५ फूट ८. एकच डब्लेट (त्या काळचं पुरुषांचं अंगाबरोबरचं जाकीट) दोघांना शिवलं तर फरक उलट जास्तच दिसतो.

दुसरं, रफ, म्हणजे गळ्याभोवतीची ती चुण्यांची तबकडी. ऑर्गंडीला तांदळाची खळ देऊन केली. घरात सुंदर दिसली, तालमीत अर्ध्या तासात मान टाकली. शिवाय नटांना मान वळवता येत नाही.

तिसरं, माल्व्होलिओ, म्हणजे ऑलिव्हियाचा कारभारी. तिला आवडतात असं समजून तो पिवळे मोजे घालून येतो. पिवळ्या मोज्यांवर पोटऱ्यांभर फुल्या-फुल्यांनी बांधलेली फीत चार पावलांत घोट्यावर येते. तो प्रवेश सगळ्या नाटकाचा कळस आहे आणि त्याला खाली वाकून फीत ओढावी लागते, हे मला सहन होत नाही.

कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, उंची लपत नाही. नजर दुसरीकडे न्यायची. डब्लेटची कंबर दोघांची वेगवेगळ्या जागी घ्या: व्हायोलाची दीड इंच वर, म्हणजे पाय लांब दिसतील; सेबॅस्टियनची किंचित खाली. खालची फुगीर तुमान (ट्रंक होज) व्हायोलाला आखूड ठेवा. दोघांना उंच टोपाच्या हॅट द्या, तिची अर्धा इंच जास्त उंच. टाचांचे जोडे इंग्लंडमध्ये १५९० च्या दशकात आलेच होते, त्यामुळे तिला दीड इंचाची टाच दिली तर काळाशी खोटेपणा होत नाही.

डब्लेटला पुढून दोन थर कॅनव्हास आणि मध्ये पातळ कापूस घालून टाके मारा. छाती सपाट होते आणि दोघांचा पुढचा आकार सारखा येतो. आणि एक खूण अशी द्या की शेवटच्या रांगेतूनही जुळेपण कळेल: एकाच खांद्यावर घेतलेला आखूड क्लोक (वरून अंगावर टाकायचा बिनबाह्यांचा कपडा), दोघांचा एकाच ताग्यातला.

प्रतिसाद २

रफ सगळ्यांना कशाला? १६०२ पर्यंत खांद्यावर पडणारी मऊ कॉलरही चालू झाली होती. जुळ्यांना तीच द्या. रफ ठेवा ऑलिव्हिया, तिचा काका सर टोबी आणि त्याचा मित्र सर अँड्र्यू यांना. त्या काळीही रफ सदऱ्याला शिवलेली नसे, वेगळी बांधत. तुम्हीही मागे नाडीने बांधा, म्हणजे प्रयोगाआधी पुन्हा खळ देता येते.

ऑगस्टात मात्र खळीवर विसंबू नका. फिलिप स्टब्स नावाच्या गृहस्थाने १५८३ मध्येच चिडून लिहिलं होतं की वारा-पावसात या रफ फडक्यासारख्या लोंबतात. लंडनच्या पावसात ही गत, तर आपल्याकडे काय होणार? चुण्यांच्या कडेला आतून मासे पकडायची नायलॉन तंगूस शिवा. लांबून दिसत नाही आणि चुणी गोल राहते. पुढची बाजू मागच्यापेक्षा बोटभर कमी रुंद केलीत तर हनुवटी मोकळी राहील.

प्रतिसाद ३

फीत पोटरीवर गुंडाळायची नसतेच, तिथेच घोटाळा झालाय. त्या काळची पद्धत अशी: फितीचा मध्य गुडघ्याखाली पुढच्या बाजूला ठेवायचा, दोन्ही टोकं मागे नेऊन गुडघ्यामागे फुली करायची, पुन्हा पुढे आणून गुडघ्याच्या वर फुलासारखी गाठ मारायची. सांधा वर आणि खाली दोन्हीकडून धरला जातो, म्हणून मोजाही घसरत नाही. घट्ट बांधली की रक्त अडतं, अशी तक्रार माल्व्होलिओ स्वतःच करतो. ते वाक्य नटाला मनापासून म्हणता येईल.

आणि एक. तो कारभारी आहे, त्याच्या गळ्यात साखळी हवी. पण आधीच्या प्रवेशात अंगावर मखमल नको. कोणी काय घालावं यावर तेव्हा राणीचे फतवे होते, म्हणूनच तो मखमली झग्याची स्वप्नं बघतो. त्याला मळकट काळं सुती द्या, मग पिवळा रंग अंगावर येईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! काल तालमीत गुडघ्याची फीत बांधून पाहिली. माल्व्होलिओ तीनदा जिना चढला-उतरला, फीत तिथेच. तंगूस घातलेली रफ दीड तास उभी राहिली. कंबर वर घेतल्यावर व्हायोला खरंच उंच वाटते, टेलरकाकांनाही पटलं.

अजून एक प्रश्न सुटला. दिग्दर्शकांना शेवटी व्हायोला बाईच्या झग्यात हवी होती, त्यासाठी निळं कापडही आणून ठेवलं होतं. संहिता पुन्हा काढली. तिचे बाईचे कपडे फुटलेल्या जहाजाच्या कप्तानाकडे आहेत आणि तो माल्व्होलिओच्याच फिर्यादीवरून कैदेत आहे. शेवटच्या ओळीपर्यंत ती पुरुषवेषातच उभी असते. हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग 'राहू दे' म्हणाले. निळ्या कापडाचे आता दोन आखूड क्लोक बेततेय, एकाच ताग्यातले.