पिकअपसाठी 'शेतीचं करमाफ रंगीत डिझेल' मिळतंय, भरावं का?

तळोजा_लोडिंग:
बीएस-६ पिकअप तीन आहेत. तळोजा, महापे, भिवंडी अशा फेऱ्या. एक एजंट २०० लिटरच्या ड्रममध्ये डिझेल जागेवर पोचवतो म्हणतोय, पंपापेक्षा लिटरमागे १६ रुपये कमी. त्याचं म्हणणं, हे ट्रॅक्टरसाठीचं करमाफ डिझेल आहे, परदेशात असतं तसं लाल रंगाचं, फक्त कर लागलेला नाही, माल तोच. नमुन्याची बाटली फिकट लाल आहे. काल ड्रायव्हरने एका गाडीत ३० लिटर ओतलं. टाकीत आधीचं १० लिटर असेल. त्यानंतर गाडी चालू केलेली नाही.

हे कायदेशीर आहे का, इंजिनाला चालेल का, आणि नसेल तर त्या गाडीचं आता काय करायचं?

घनता_८३०:
आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. भारतात शेतीसाठी वेगळं, रंग टाकलेलं, करमाफ डिझेल नाहीच. शेतकरी ट्रॅक्टरमध्ये भरतो ते त्याच पंपाचं, त्याच नळीचं आणि त्याच दराचं असतं. त्यामुळे 'ट्रॅक्टरचं डिझेल' या नावाने कोणी काही विकत असेल, तर बाटलीत दुसरंच काहीतरी आहे.

परदेशातली गोष्ट खरी आहे, पण ती इथे लागू करता येत नाही. अमेरिकेत रस्त्याबाहेरच्या वापराच्या डिझेलमध्ये सॉल्व्हंट रेड १६४ जातीचा लाल रंग घालतात. त्यावर रस्ताकर नसतो. तसं डिझेल रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत सापडलं तर दंड १००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यातला जो जास्त तो. ब्रिटनमध्येही 'रेड डिझेल' आहे. १ एप्रिल २०२२ पासून बांधकामासह बहुतेक उद्योगांची ती सवलत गेली, शेतीची राहिली. या दोन्ही ठिकाणी रंगवलेलं डिझेल मुळात चांगलं डिझेलच असतं. इंजिनाला काही होत नाही, गुन्हा होतो तो कर चुकवण्याचा. आपल्याकडे उलट आहे. इथे स्वस्तात मिळणारं द्रव डिझेलच नसतं, म्हणून गुन्हाही होतो आणि इंजिनही जातं.

आपल्याकडे सरकार रंग घालतं तो रेशनच्या रॉकेलला, आणि तो निळा. लाल रंग पाहून 'सरकारी खूण आहे' असं समजू नका. पंपावरचं हायस्पीड डिझेल फिकट पिवळसर किंवा जवळजवळ पाण्यासारखं दिसतं.

कॉमनरेल_फिटर:
गाडी चालू केली नाही हे फार बरं झालं. दादा, आता चावी 'ऑन'लाही फिरवू नका. बऱ्याच गाड्यांत टाकीतला कमी दाबाचा पंप चावी ऑन होताच सुरू होतो आणि माल फिल्टरपर्यंत ढकलतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे कोणी चुकून फिरवणार नाही.

काम उघड्यावर करा, जवळ डीसीपी (कोरड्या पावडरचा) अग्निशामक ठेवा. त्या मालात हलकं सॉल्व्हंट असेल तर ते डिझेलपेक्षा खूप लवकर पेटतं. लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिकची बादली नको. टाकीचा ड्रेन नट खोलून सगळे ४० लिटर बाहेर काढा. आधीचं १० लिटर वाचवायला जाऊ नका, ते आता मिसळलंय. मग ५ लिटर पंपाचं डिझेल टाकीत ओता, गाडी हलवा, काढून टाका. हे दोनदा. नटाला नवा वॉशर लावा. टाकीतली जाळी पाहा.

डिझेल फिल्टर नवाच बसवा, धुवून नाही. खालचा पाण्याचा सेन्सर जुन्यावरून काढून घ्या, त्याची ओ-रिंग बदला. १५ लिटर चांगलं डिझेल टाकून हॅन्ड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा, हवा निघून जाऊ द्या. मग स्टार्टर एका वेळी १० सेकंद, मध्ये अर्धा मिनिट थांबून. एकसारखा मारत बसलात तर हाय प्रेशर पंप कोरडा फिरतो.

फिल्टर काढल्यावर त्यातला माल पांढऱ्या कपड्यावर ओतून उन्हात पाहा. रुपेरी चकाकी दिसली तर धातू सुटलाय. तुमच्या गाडीत दिसणार नाही, पण आधी कधी हाच माल पडला असेल तर कळेल. चकाकी असेल तर फक्त फिल्टर बदलून भागत नाही. पंप, रेल, पाइप आणि चारही इंजेक्टर उघडावे लागतात. नाहीतर जुना कीस नवा इंजेक्टर खातो.

काढलेला माल गटारात किंवा खाडीत सोडू नका आणि भट्टीवाल्याला देऊ नका. तो धोकादायक कचरा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या.

तळोजा_लोडिंग:
धन्यवाद. बॅटरी काढली. एजंटने दिलेलं बिल आता नीट पाहिलं, त्यावर 'इंडस्ट्रियल ऑइल' लिहिलंय आणि १८ टक्के जीएसटी लावलाय. तो म्हणतो बिल पक्कं आहे म्हणजे माल कायदेशीर. आणि माझी जुनी बीएस-३ गाडी आहे, तिच्यात तरी चालेल का?

कागदपत्र_ठाणे:
ते बिलच पुरावा आहे, पण तुमच्या विरोधात. हायस्पीड डिझेल जीएसटीमध्ये येतच नाही. त्यावर केंद्राचं अबकारी शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा व्हॅट २०२४ च्या अर्थसंकल्पात २४ वरून २१ टक्के झाला. ज्या मालाच्या बिलावर जीएसटी आहे, तो विक्रेत्याच्या स्वतःच्या लेखी डिझेल नाही.

२००५ चा मोटर स्पिरिट आणि हायस्पीड डिझेल आदेश आहे. पेट्रोल, डिझेल किंवा केंद्राने मान्य केलेलं इंधन सोडून दुसरं कुठलंही पेट्रोलियम उत्पादन किंवा मिश्रण, कोणत्याही नावाने, गाडीचं इंधन म्हणून विकायला त्यात बंदी आहे. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली निघालाय. त्या कायद्याच्या कलम ७ मध्ये तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, कलम ६-अ मध्ये माल आणि तो वाहून नेणारी गाडी सरकारजमा होऊ शकते. तीन गाड्यांवर धंदा चालतो, एक जरी अडकली तर महिन्याचं गणित कोलमडतं.

'बायोडिझेल' नावाने आणून दिलं तरी फसू नका. खरं बायोडिझेल वनस्पती तेलापासून किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून होतं, त्याचं मानक आयएस १५६०७. ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकण्याबाबत पेट्रोलियम मंत्रालयाची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ड्रममधून गोदामात उतरवण्याचा तो प्रकार नव्हे.

कॉमनरेल_फिटर:
बीएस-३ चं उत्तर: नाही. जुन्या गाडीत रोटरी पंप असेल तर त्याला वेगळं इंजिन ऑइल मिळत नाही, आतले भाग डिझेलच्याच तेलकटपणावर चालतात. डिझेलच्या मानकात हा तेलकटपणा मोजलेला असतो, घर्षणाच्या चाचणीत पडणारा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. रॉकेल, सॉल्व्हंटमध्ये तो नसतो. आधी पंपाचा आवाज बदलतो, मग गरम झाल्यावर गाडी परत चालू होत नाही. फरक एवढाच, की बीएस-३ गाडी दोन महिने सोसते आणि बीएस-६ लवकर ओरडते.

बीएस-६ मध्ये काय होतं ते सविस्तर लिहितो, कारण 'गाडी तर पळतेय' यावरच सगळे फसतात. आपलं डिझेल १० पीपीएम गंधकाचं, म्हणजे दहा लाखांत १० भाग. असल्या मालात जहाजाचं किंवा भट्टीचं तेलही असू शकतं. जहाजाच्या इंधनाची जागतिक मर्यादाच ०.५ टक्के, म्हणजे ५००० पीपीएम. ५०० पट. भट्टीचं तेलही हजारांतच. हे गंधक धुराच्या वाटेवरच्या ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टला मारतं. कॅटॅलिस्ट मेला की डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, काजळी जाळायला लागणारी उष्णता मिळत नाही. मग गाडी पुन्हापुन्हा रीजनरेशनला, म्हणजे साचलेली काजळी जाळायला, जाते, त्यासाठी जास्तीचं इंधन सिलिंडरमध्ये मारते, ते जड असल्यामुळे पूर्ण वाफ होत नाही आणि भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. ऑइल वाढलं म्हणजे चांगलं नव्हे, ते पातळ होतंय, त्यावर टर्बो आणि बेअरिंग चालतात.

स्कॅनरवर पी २४६३ हा बिघाडाचा कोड आला तर डीपीएफ तुंबलाय. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये दाब तयार होत नाही, तिथे इंजेक्टरची रिटर्न चाचणी करा, म्हणजे इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजा. चार बाटल्या लावा, गाडी आयडलवर दोन मिनिटं ठेवा, एक बाटली बाकीच्यांपेक्षा खूप भरली तर तो इंजेक्टर गेला.

हिशेब: गाडी महिन्याला २५०० किलोमीटर, १२ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे साधारण २०८ लिटर. १६ रुपयांनी ३३०० रुपये वाचतात. एक नवा इंजेक्टर पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, आणि भेसळीचं इंधन सापडलं की वॉरंटी मिळत नाही.

घनता_८३०:
पुढे पंपावरच भरणार असाल तर तपासणीही शिका. ५०० मिलीची काचेची नळी, घनता मोजायचा ८०० ते ८५० चा (किलो प्रति घनमीटर) हायड्रोमीटर, थर्मामीटर. ३० अंशाला ८२० आलं तर १५ अंशावर आणताना दर अंशाला साधारण ०.७ मिळवायचे. १५ गुणिले ०.७ म्हणजे १०.५, उत्तर ८३०.५. हा आकडा पंपाच्या मशीनवर लिहिलेल्या त्या दिवसाच्या घनतेशी जुळवा, फरक ३ पेक्षा जास्त नसावा. पंपवाल्याला ही चाचणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. ५ लिटरच्या मापाने मोजून दाखवायलाही सांगता येतं.

पण एजंटच्या मालाला ही चाचणी लावून 'पास' झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. हलकं रॉकेल आणि जड तेल योग्य प्रमाणात मिसळलं की घनता बरोबर ८३० येते. गंधक, सिटेन (डिझेल किती सहज पेटतं ते), तेलकटपणा हे प्रयोगशाळेतच कळतं.

उत्तन_नाखवा:
एजंट पुढे 'बोटीचं डिझेल' म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. मच्छीमार बोटींना व्हॅटचा परतावा मिळतो, पण डिझेल तेच असतं, रंग नसतो. ते सोसायटीमार्फत, परवाना असलेल्या यांत्रिक नौकेच्या नावावर आणि ठरलेल्या कोट्यात असतं. तो माल पिकअपमध्ये गेला तर त्या नाखव्याचा कोटा आणि परतावा दोन्ही धोक्यात येतं. परताव्याचे पैसे आधीच उशिरा येतात. कृपा करून त्यात हात घालू नका.

कागदपत्र_ठाणे:
उरलेले ड्रम परत देण्याची घाई करू नका. एक सीलबंद लिटर, बिल आणि एजंटचे मेसेज जपून ठेवा, आणि शिधावाटप कार्यालयात किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. स्वतःहून सांगितलं तर तुम्ही तक्रारदार राहता. खर्चच कमी करायचा असेल तर तेल कंपन्यांची फ्लीट कार्डं घ्या, प्रत्येक गाडीची मर्यादा लावता येते, ड्रायव्हर बाहेर भरू शकत नाही. ठाणे-नवी मुंबईतच फिरणारी एखादी गाडी बदलायची वेळ आली की सीएनजी पिकअपचा हिशेब करा, वजन थोडं कमी बसतं आणि रांगेचा वेळ धरावा लागतो.

तळोजा_लोडिंग:
टाकी रिकामी केली, बरोबर ४१ लिटर निघालं. फिल्टरमध्ये चकाकी नाही. बाकीच्या दोन गाड्यांचेही फिल्टर उघडून पाहतो आणि उद्या तक्रार देतो.

कॉमनरेल_फिटर:
त्या दोन गाड्यांची डिपस्टिकही पाहा, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर. 'मॅक्स'च्या वर असेल तर चालवू नका, आधी ऑइल बदला.