'पौंड फॉर पौंड' मराठीत कसं म्हणायचं?

अर्धविराम:
एका दिवाळी अंकासाठी लॅटिन अमेरिकेतल्या बॉक्सरांवरचा लेख मराठीत करतेय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडून बसलेय. वाक्य एवढंच की पनामाचा रोबेर्तो दुरान हा पौंड फॉर पौंड सगळ्यात ग्रेट लॅटिनो बॉक्सर. म्हणजे ४७-४८ किलोचा रिकार्दो लोपेस हेवीवेटवाल्यासमोर उभा राहणार नाही हे उघडच आहे, पण वजनाचा फरक मनातल्या मनात पुसून टाकला तर कोण वरचढ, असा तो हिशेब. मी लिहिलं 'तोलामोलाने पाहिलं तर दुरान सर्वश्रेष्ठ'. संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवलं, म्हणे तोलामोलाचं स्थळ असतं, बॉक्सर नव्हे. पण माझे बाबा कुस्त्यांचे फड बघत फिरायचे आणि ते सर्रास म्हणायचे, तोलामोलात बघितला तर तो बारकाच भारी आहे. बाबांचं चुकत होतं का? आणि तुम्ही काय म्हणाल?

लाल माती:
ताई तुमचे बाबा बरोबर आन संपादक पण बरोबर. तोलामोलाची ही जोड असते, म्हणजे दोन पैलवान लागतात. एकट्या माणसाला तोलामोलाचा म्हटलं की कुणाच्या तोलामोलाचा ते सांगावं लागतं. आमच्या तालमीत वस्ताद म्हणायचे 'वजनाच्या मानानं'. वजनाच्या मानानं पोरगं लई ताकदीचं. ह्यात सगळं आलं की.

तिरकस:
मूर्ती लहान पण कीर्ती महान. झालं, बंद करा.

अर्धविराम:
@तिरकस ते फक्त बारक्यांना लागू होतं हो. हेवीवेटवालाही पौंड फॉर पौंड यादीत असू शकतो, त्याची मूर्ती कुठे लहान?
@लाल माती 'वजनाच्या मानाने' आवडलं, पण त्यात एक 'बिचारा' लपलाय असं वाटतं. वयाच्या मानाने आजी छान चालतात, तसं. दुरानला तशी सूट नकोय.

जुनं खोड:
पौंडाला आपल्याकडे रत्तल हा चांगला रुळलेला शब्द होता. आमची आजी वाण्याकडून रत्तलभर चहा आणायला सांगायची. दशमान पद्धत आली आणि शेर, मण, रत्तल सगळे एका फटक्यात गेले. 'रत्तलास रत्तल' लिहा. शेरास सव्वाशेर आपण बिनदिक्कत म्हणतो ना? तसंच. आणि बॉक्सर काय, मुष्टियोद्धा म्हणा.

तिरकस:
काका, शेरास सव्वाशेर म्हणजे समोरचा पाव शेराने जास्त. इथे तर वजन सारखं धरायचंय, तुम्ही वजनच वाढवताय. आणि मराठीचा कैवार घेऊन जो रत्तल पुढे केलात तो अरबी आहे.

पणजीचो पाव:
रत्तल अरबीच, पण आमच्याकडे तो पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरला असं मला कायम वाटत आलंय. पोर्तुगीजमध्ये 'अर्रातेल' म्हणजे पौंडच, त्यांनी अरबांकडूनच उचललेला. त्यामुळे खोडकाकांचा रत्तल इराणातून आला की लिस्बनहून, हा वेगळा विषय.

जुनं खोड:
फारसीतून. दख्खनी दफ्तरातून. पोर्तुगीजांनी पाव दिला, बटाटा दिला, प्रत्येक गोष्ट त्यांच्या नावावर लावू नका.

टेक्सासचा बाब्या:
सॅन अँटोनियोत राहतो त्यामुळे राहवलं नाही. स्पॅनिशवाले स्वतः काय म्हणतात तर 'लिब्रा पोर लिब्रा', म्हणजे शब्दाला शब्द. गंमत म्हणजे मेक्सिकोत रोजचं सगळं किलोत, तरी बॉक्सिंगमध्ये लिब्रा. त्यांना काही लाज वाटली नाही तर आपल्याला का? सरळ 'पौंडाला पौंड' लिहा.
बाकी दुरानवरून भांडण आहेच. माझ्याबरोबर काम करणारा एक जण मेक्सिकोतल्या सोनोराचा आहे, त्याच्यापुढे चावेस सोडून दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. मेक्सिकोचा हूलिओ सेसार चावेस १०७ जिंकला, ६ हरला, २ बरोबरीत, त्यात ८५ नॉकआउट. पहिला पराभव १९९४ साली, तोवर नव्वद लढती होऊन गेलेल्या. १९९३ मध्ये मेक्सिको सिटीच्या अझ्तेका स्टेडियममध्ये त्याला बघायला १,३२,००० च्या वर माणूस आलं होतं. ह्याचं माप कुठल्या पट्ट्यात बसवणार?

अर्धविराम:
अय्यो नॉकआउट! बरं झालं आठवलं. कच्चा मसुदा मी एका भाषांतर करणाऱ्या ॲपमधून काढला होता, त्यात आलंय 'चावेसने ८५ सामने बाद फेरीत जिंकले'. अर्धा तास कळेना की एवढ्या बाद फेऱ्या कुठल्या स्पर्धेत असतात.

लाल माती:
😂😂 चितपट लिवा.

जुनं खोड:
चितपट कुस्तीत. पाठ टेकली की चीत, माणूस शुद्धीवर असतो. इथे दहा अंक मोजेपर्यंत उठता येत नाही. 'गारद' हा शब्द चपखल आहे. ८५ जणांना गारद केले.

तिरकस:
गारदमध्ये एकदम पानिपत दिसतं. पण ठीक आहे, ह्या वेळी काकांना +१.
चावेसबद्दल मात्र, आकड्यांनी दिपून जाऊ नका. सुरुवातीच्या कित्येक लढती कुलियाकान-तिहुआनाकडच्या पोरासोरांबरोबर. १९९० ला मेल्ड्रिक टेलर दोन पंचांच्या कागदावर पुढे होता आणि शेवटच्या फेरीची दोन सेकंद उरली असताना रेफरीने लढत थांबवून चावेसला विजयी केलं. १९९३ ला पर्नेल व्हिटाकरविरुद्ध ती जी 'बरोबरी' दिली ती बरोबरी कुणाला वाटली? दुरानने निदान समोर कोण उभं केलं ते बघा, त्या काळचे जगज्जेते लेनर्ड, हॅगलर, हर्न्स, बेनितेस.

टेक्सासचा बाब्या:
आणि त्यातल्या किती जणांना हरवलं? लेनर्डला एकदा, मॉन्ट्रियलला जून १९८०. बाकी सगळ्यांकडून मार. हर्न्सने तर दुसऱ्या फेरीतच झोपवला. आणि १९८०च्याच नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सला लेनर्डसमोर भर रिंगमध्ये 'नो मास', म्हणजे 'आणखी नको', म्हणून पाठ फिरवली तो माणूस सर्वश्रेष्ठ?

तिरकस:
६१ किलोच्या गटातला राजा ७२ किलोच्या हॅगलरसमोर पंधरा फेऱ्या उभा राहिला त्याला मार खाणं म्हणत असाल तर अवघड आहे. आणि १९८९ ला, सदतिसाव्या वर्षी, त्याच वरच्या वजनात इरान बार्कलीला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला. ताईंना जो शब्द पाहिजे त्याचा अर्थच हा माणूस आहे.

अर्धविराम:
'नो मास' पण आहे लेखात! तिथे मी 'पुरे' लिहिलंय. पण 'पुरे' आई म्हणते ताटात वाढताना. सातव्या फेरीत लेनर्ड वाकुल्या दाखवत होता, तोंड पुढे करून डिवचत होता, त्यावर वैतागून आठव्या फेरीत हात झटकलेला माणूस 'पुरे' म्हणेल का?

लाल माती:
बास! बास म्हनंल. आमच्यात नांगी टाकली की बासच म्हंत्यात.

पणजीचो पाव:
आणि बास आलाय पोर्तुगीज 'बास्ता'वरून 😎 स्पॅनिशमध्येही बास्ताच. म्हणजे दुरानच्या तोंडी बास अगदी घरचा शब्द.

जुनं खोड:
शुद्ध फारसी 'बस'. पोर्तुगाल आणि इराण दोन्हीकडे सारखा आवाज निघाला म्हणजे नातं झालं का? कोकणीत तर तुम्ही 'पुरो' म्हणता, तो पुरेचाच भाऊ. स्वतःच्या घरात बास्ता नाही आणि आमच्या गळ्यात मारताय.

पणजीचो पाव:
काका पुरो!

टेक्सासचा बाब्या:
एक सांगतो, दुरान स्वतः पुढे म्हणत आलाय की मी 'नो मास' म्हटलंच नाही. म्हणजे ज्या दोन शब्दांचं तुम्ही भाषांतर करताय ते बोललेच गेले का ह्यावरच वाद आहे. आणि तो दुरान, डुरान नाही. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत, इंग्रजीच्या वाटेने जाऊन उगाच रॉबर्टो डुरान करू नका. हे आपल्याला जमतं तेवढं अमेरिकनांना जमत नाही, तेवढाच आनंद.

तिरकस:
ताई, मूळ वाक्यात दुसरा बॉम्ब आहे तो कुणी बघितलाच नाही. 'ग्रेट'. लेखात अर्जेंटिनाचा कार्लोस मोन्सोन आहे का?

अर्धविराम:
आहे. पाच जणांच्या यादीत चौथा. 'महान मिडलवेट विजेता' लिहिलंय. १९७० ते ७७ विजेतेपद, लागोपाठ १४ वेळा राखलं, १९६४ नंतर एकदाही हरला नाही.

तिरकस:
आणि १९८८ ला आलिसिया मुन्यिस ह्या त्याच्या बायकोचा खून केला, ११ वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगातून सुट्टीवर बाहेर आलेला असताना १९९५ मध्ये कार अपघातात गेला. त्याला महान म्हणायला तुमची जीभ वळते?

अर्धविराम:
लेखात खुनाचा परिच्छेद आहेच, मी लपवलेलं नाही. पण आता तुम्ही म्हणालात तर वाचवत नाहीये. इंग्रजीत ग्रेट म्हटलं की खेळात मोठा, विषय संपला. आपल्याकडे महान म्हटलं की पाठ्यपुस्तकातला धडा उघडतो.

जुनं खोड:
महान चालेल, थोर चालणार नाही. थोरला शील लागतं. थोर समाजसुधारक, थोर संत. महान वृक्ष, महान संकट असंही म्हणतात, तो नुसता आकार आहे. संस्कृत महत् म्हणजे मोठा एवढंच. संकट काही सद्गुणी नसतं.

रानभेंडी:
मी इथे फक्त वाचते पण ह्यावर बोलणार. आकार बिकार काही नाही. आमच्या घराशेजारी एक 'मोठे' खेळाडू राहायचे, बायकोला मारायचे, आणि गल्लीतल्या गणपतीत सत्कार त्यांचाच, बॅनरवर 'महान'. त्या माउली समोरच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. शब्द नुसता मोजत नसतो, तो हारही घालतो. मोन्सोनला 'अजिंक्य' म्हणा, 'कसलेला' म्हणा, १४ वेळा म्हणा. आकडा लिहा आणि गप्प बसा.

लाल माती:
ताई पटलं. आमच्याकडं अशाला 'दादा पैलवान' म्हंत्यात, त्यात कौतुक बी असतं आन भीती बी. छापता येनार नाही पन.

टेक्सासचा बाब्या:
अवांतर, पण यादीत लॅटिनो म्हणून कोणकोण घेतलंत? ऑस्कर दे ला होया जन्माने लॉस एंजेलिसचा, १९९२ बार्सिलोनाचं सुवर्ण अमेरिकेसाठी. मेक्सिकोतले कित्येक जण त्याला आपला मानायचेच नाहीत, चावेसशी लढला तेव्हा तर नाहीच. आणि ब्राझीलचा एदेर जोफ्रे? तो लॅटिनो, पण स्पॅनिश भाषिक नाही, म्हणून हिस्पॅनिक नाही. नावातला ज पण पोर्तुगीज, ह करू नका.

पणजीचो पाव:
जोफ्रे आमचो! त्याला 'गालो द ओरो' म्हणत, सोन्याचा कोंबडा. कारण तो बँटमवेट, आणि पोर्तुगीजमध्ये त्या गटाचं नावच कोंबडा. स्पॅनिशमध्ये पण. सगळ्या कारकिर्दीत दोनच पराभव, दोन्ही जपानच्या हाराडाकडून. मोठ्या विश्रांतीनंतर परत येऊन १९७३ ला वरच्या गटाचंही विजेतेपद घेतलं. ह्याला तुम्ही पाचात घेणार नाही कारण त्याच्या लढती यूट्यूबवर रंगीत दिसत नाहीत.

लाल माती:
म्हंजे आमचे खाशाबा पन कोंबडा गटातले! १९५२ हेलसिंकी, बँटमवेट, कांस्य. गोळेश्वरात सांगितलं तर मारतील.

पणजीचो पाव:
झुंजीचा कोंबडा, भावा. मान आहे त्यात.

अर्धविराम:
लॅटिनोला मी 'लॅटिन अमेरिकी' केलंय. दे ला होया बाहेर पडतो हे लक्षातच आलं नाही 🤦‍♀️
आणि हो, तेओफिलो स्तिव्हेन्सन. क्यूबाचा, १९७२, ७६, ८० तिन्ही ऑलिंपिकला हेवीवेट सुवर्ण. क्यूबात तेव्हा प्रोफेशनल खेळावर बंदी होती आणि तोही देश सोडून गेला नाही, त्यामुळे प्रो लढती शून्य. लेखात तो 'ॲमॅच्युअर'. मी लिहिलं 'हौशी'.

तिरकस:
तीन सुवर्णांचा हौशी! रविवारी सकाळी डबा घेऊन जात असेल.

जुनं खोड:
मग उलट बाजूला 'धंदेवाईक' येतो तो तर त्याहून वाईट. एके काळी तो साधा शब्द होता, धंदा करणारा. आता धंदेवाईक राजकारणी म्हटलं की शिवी. 'व्यावसायिक' आणि 'बिगर-व्यावसायिक' लिहा.

तिरकस:
बिगर-व्यावसायिक म्हणजे घराचा वीजमीटर.

रानभेंडी:
पण हाच तर मुद्दा आहे ना. पट्टे मोजले तर स्तिव्हेन्सन शून्य. पूर्वी मोजून आठ वजनगट आणि साधारण एकेक विजेता, आता सतरा गट आणि प्रत्येकात चार संघटनांचे चार पट्टे, म्हणजे आजचा बरा बॉक्सरही जोफ्रेपेक्षा जास्त पट्टे कमरेला बांधून फिरतो. आधी मोजायचं काय ते ठरवा, शब्द मागून येईल.

जुनं खोड:
पट्टा हा शब्दही मला खटकतो. पट्टा कुत्र्याला असतो आणि गिरणीला. महाराष्ट्र केसरीला गदा देतात.

लाल माती:
काका दुरानला गदा दिली तर लेनर्डचं काय खरं न्हाई.

अर्धविराम:
काल रात्री लेख पाठवला. मोन्सोनचा 'महान' काढला, नुसता '१४ वेळा विजेतेपद राखणारा' ठेवला. 'बास'ही ठेवला. 'पौंडाला पौंड' केलं होतं, ते संपादकांनी परत 'पौंड फॉर पौंड' करून टाकलं, म्हणे वाचकांना कळतं. मात्र दुरानचं टोपणनाव 'मानोस दे पिएद्रा', दगडाचे हात, त्याचं मी 'वज्रमूठ' केलं होतं ते त्यांना फार आवडलं, शीर्षकच तेच.

तिरकस:
वज्रमूठ वाचून लोकांना आघाडीची सभा वाटेल. आणि मूळ शब्दात हात दोन आहेत, तुमची मूठ एकच.

जुनं खोड:
वज्रमुष्टी हवं होतं. वज्रमुष्टी नावाचा मल्लविद्येचा प्रकारच आहे, हातात शिंगाची नखं बांधून लढतात, म्हैसूरला दसऱ्यात अजून होतो.

लाल माती:
मूठच बरी. पेरणीला चाड्यावर मूठ धरतो ती बी मूठच. आमच्या आज्याची मूठ अशी होती की बी एकसारखं पडायचं, माप न लावता. बाकी चाडं म्हंत्यात तुमच्याकडं का अजून काय?