रानभाज्यांचा ब्लॉग: गणपती झाले की वाचक नाहीसे होतात. वर्षभर टिकवायचा कसा?

मुरबाडकरीण

नमस्कार मंडळी. मी मुरबाड तालुक्यात राहते आणि काही वर्षांपासून रानभाज्यांवर ब्लॉग लिहिते. ब्लॉगस्पॉटवर आहे. माझ्या सासूबाईंना आणि बाजारात वाटे लावून बसणाऱ्या ठाकर-कातकरी बायकांना जे ठाऊक आहे, ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं म्हणून सुरू केला. शेवळं, कुर्डू, भारंगी, फोडशी, टाकळा, करटोली, दिंडा. भाजी कुठे उगवते, कोवळी कशी ओळखायची, काय काढून टाकायचं, शिजवायची कशी, सगळं लिहिते.

जून लागला की वाचक भरपूर येतात. श्रावण सरला की ओघ आटतो आणि गणपतीनंतर तर दिवसच्या दिवस कुणी फिरकत नाही. कुणी वाचत नसलं की माझाही हात चालत नाही. मग पुढचा लेख थेट पुढच्या पावसाला.

दुसरं म्हणजे फेसबुकवर लिंक टाकली की तिथेच अंगठे मिळतात, ब्लॉगवर कुणी येत नाही. शेवळांचा माझा अख्खा लेख नावाशिवाय व्हॉट्सॲपवर फिरतोय. नणंदेच्या भिशीच्या ग्रुपवरून तो मलाच परत आला, वर "खूप उपयुक्त माहिती, जरूर वाचा" असं लिहून. वाईट वाटलं. भाची म्हणते, आत्या, आता कोण वाचतं, यूट्यूबवर ये. पण मला लिहायलाच आवडतं. काय करावं?

सातत्यवादी

ताई, एकच सांगेन. वार ठरवा आणि दर आठवड्याला त्या वारी लेख टाका. भाजी नसेल तेव्हा इतर विषय घ्या, दिवाळीचा फराळ, उन्हाळ्याची वाळवणं. वाचकाला सवय लागली पाहिजे.

घाटवाट

वरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी २००९ पासून सह्याद्रीतल्या घाटवाटांवर ब्लॉग लिहितोय. तेव्हा आमच्या ट्रेकच्या ग्रुपात जवळपास प्रत्येकाचा ब्लॉग होता. एकमेकांचे लेख गूगल रीडरमध्ये यायचे. १ जुलै २०१३ ला तो बंद झाला आणि नवीन लेख आलाय हे कळायची सोयच बऱ्याच जणांच्या हातून गेली. त्याच सुमारास सगळे फेसबुकवर लिहायला लागले. तिथे त्याच दिवशी शंभर लोक वाहवा करतात, पण पुढच्या वर्षी तो मजकूर लिहिणाऱ्यालाही सापडत नाही. तेव्हाचे बहुतेक ब्लॉग थांबले. फार चांगलं लिहिणारी माणसं होती, त्यांची आठवण येते.

माझा चालू राहिला, कारण माझा वाचक मला लवकर कळला. शनिवारी पहाटे निघायचंय आणि शुक्रवारी रात्री ज्याला काहीतरी नेमकं हवंय, तो माझा वाचक. हरिश्चंद्रगडाच्या इतिहासावर मी मन लावून लिहिलं, ते थोड्यांनी वाचलं. पण "नळीच्या वाटेने चढून खिरेश्वरला उतरलो तर परत कसं यायचं" यावर लिहिलेला छोटा लेख आजही वाचला जातो. त्यात खुबी फाट्यापर्यंत कसं यायचं, तिथून कल्याणची एसटी कुठे उभी राहते, आणि अंधार पडायच्या आत टोलार खिंड का उतरावी, एवढंच आहे. गड चढायचा कसा हे सगळे लिहितात, परतीचं कुणी लिहीत नाही.

आता तुमचं. हंगामी वाचक हा तुमच्या ब्लॉगचा दोष नाही, तो विषयाचा स्वभाव आहे. माझेही वाचक ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात फराळावर लिहून जे वाचक येतील ते फराळाचे असतील, ते जूनमध्ये शेवळांसाठी परत येणार नाहीत. फराळावर लिहिणारे ढिगाने आहेत. मुरबाडच्या बाजारात बसणाऱ्या बाईला विचारून लिहिणारं कोण आहे?

रिकाम्या महिन्यांत नवीन लेखाचा धोशा न लावता जुने लेख हातात घ्या. तुमचा शेवळांचा लेख आत्ताच वाचला. पहिले चार परिच्छेद पावसाळा, माहेर आणि सासूबाई. सुंदर आहेत, काढू नका, पण खाली न्या. पहिल्यांदाच शेवळांची जुडी घेऊन घरी आलेल्या माणसाला धाकधूक असते की घसा खाजला तर? त्याला आधी हे हवं: वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळसर भाग टाकून द्यायचा, आणि काकडं (खाज मारणारी आंबट रानफळं) घातल्याशिवाय शिजवायची नाहीत. हे तुम्ही लिहिलंय, पण फार खाली. आणि काकडं मिळाली नाहीत तर काय, हे लेखात कुठेच नाही! खाली तीन जणांनी वेगवेगळ्या वर्षी हेच विचारलंय आणि तुम्ही तिघांनाही छान उत्तर दिलंय. ती उत्तरं उचलून लेखात आणा, विचारणाऱ्याच्या नावासकट. मी गडांवरच्या टाक्यांमधल्या पाण्याबाबत हेच करतो. कुणी सांगितलं की अमुक टाकं मार्चमध्ये आटलेलं होतं, की लेखात त्याच्या आयडीसह भर घालतो आणि वर "माहिती अमुक महिन्यात तपासली" असं लिहितो. ज्याचं नाव लेखात आलं तो माणूस पुन्हा येतो, मित्रांनाही पाठवतो.

शिवाय करटोलीच्या लेखात कर्टुली, कंटोली, काटवल ही नावंही येऊ द्या. नागपूरचा माणूस काटवल शोधतो, तुमचा लेख त्याच्या समोर येतच नाही.

आणि सगळं मेच्या मध्यापर्यंत आटपा. शेवळं पहिल्या पावसाबरोबर बाजारात येतात, थोडेच दिवस असतात. लेख तेव्हा लिहायला घेतला तर गूगलला सापडेपर्यंत शेवळं संपलेली असतात.

लिपिकार

घाटवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. थोडी तांत्रिक भर.

ब्लॉगस्पॉटवर शीर्षक देवनागरीत असलं की लेखाची लिंक नुसती "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे एखादा आकडा अशी तयार होते. त्यावरून लेख कशाचा हे कुणालाच कळत नाही. यापुढे लेख प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक, म्हणजे लेखाची कायमची लिंक, स्वतः टाका, रोमन अक्षरांत, भाजीचं नाव येईल अशी. जुन्या लेखांच्या लिंक मात्र बदलू नका, लोकांनी जिथे जिथे पाठवल्यात तिथे त्या तुटतील.

गूगल सर्च कन्सोल जोडून घ्या. फुकट आहे. लोक काय शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं, आणि तुमचा लेख यादीत दिसूनही त्यांनी उघडला नाही असे शब्दही दिसतात. पुढच्या लेखांचे विषय तिथेच सापडतील.

फोनमधले फोटो आहेत तसे चढवू नका, आकार कमी करून टाका. गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे, ती फाइल अधूनमधून उतरवून ठेवा. तीत फक्त मजकूर येतो, म्हणून फोटो वेगळे जपा.

ईमेलने लेख पाठवायची फीडबर्नरची सोय २०२१ मध्ये बंद झाली. तुमच्या ब्लॉगवर अजून ती चौकट दिसतेय, काढून टाका. त्याऐवजी व्हॉट्सॲप चॅनेल काढा. नवीन लेख आला किंवा बाजारात भाजी दिसली की दोन ओळी आणि लिंक.

ठाण्याची_लेक

मी लिहीत नाही, फक्त वाचते. सध्या मुक्काम लंडनजवळ. माहेरी दर जूनमध्ये शेवळांचा खिमा व्हायचा, त्यामुळे तुमचा ब्लॉग मी भाजी न मिळताही वाचते, थंडीत तर जास्तच.

फॉरवर्डबद्दल एक सांगू का? माझी आई लिंक उघडत नाही. काहीतरी भलतंच उघडेल आणि बँकेतले पैसे जातील अशी तिला भीती वाटते. तिला मजकूरच समोर हवा असतो. तिच्या वयाच्या किती तरी बायका अशाच आहेत. लोक लेख उचलतात त्यातलं निम्मं तरी याच कारणाने असेल. तेव्हा व्हॉट्सॲपला साजेसा दहा ओळींचा मजकूर तुम्हीच तयार करा, त्यात मधेच "मुरबाडच्या बाजारात आम्ही" असं येऊ द्या आणि शेवटी ब्लॉगचं नाव. शेवटची ओळ लोक कापतात, मधलं वाक्य कापायचे कष्ट कुणी घेत नाही. फोटोवरही नाव टाका, पण कोपऱ्यात नको, जुडीवरच येईल असं.

आणि यूट्यूबचं म्हणाल तर मला भाजी चिरताना वाचायलाच सोपं पडतं. व्हिडिओ मागेपुढे करायला हात ओले असतात.

मुरबाडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन जणांनी एकच प्रश्न विचारलाय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काकडं नसतील तर आमच्याकडे चिंचेचा कोळ घालतात, जरा सढळ हाताने, आणि भाजी पुरती मऊ होईपर्यंत शिजवतात. सोलताना हाताला तेल लावून घेतात. सासूबाईंच्या मते चिंच चालते, पण चव काकडांचीच. हे सगळं आज रात्रीच लेखात वर घेते. काकडं विकणाऱ्या आजींचा फोटोही टाकायचाय, पण तो त्यांना विचारून नव्या मोसमातच काढता येईल. त्यांचं नावही लेखात द्यायचंय, त्यांना चालणार असेल तर.

सातत्यवादी, राग मानू नका, दर आठवड्याला मला खरंच जमणार नाही. पण चॅनेलवर दर मंगळवारी दोन ओळी लिहीन.

लिपिकार, जुन्या लेखातले मोठे फोटो काढून छोटे चढवले तर लिंक बदलते का?

लिपिकार

नाही, लेखाची लिंक तीच राहते. खुशाल बदला. फक्त आधी बॅकअप घ्या.